मॅडमच्या कोर्टातली भेग

काँक्रीट कापायची कटर मशीन निम्म्या कोर्टापर्यंत आली होती, तेवढ्यात मागच्या फाटकाची कडी वाजली. मी मशीन बंद केली. वंदना मॅडम त्या वेळी मेहकरच्या वाटेवर असायला हव्या होत्या. चष्मा घरी विसरला म्हणून त्या परत आल्या होत्या. चष्मा नव्हता, तरी दिसायला नको ते त्यांना बरोबर दिसलं.

"सुन्या, काय करून राह्यला बे तू?"

माझी पन्नाशी जवळ आली आहे. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आहे. तालुक्यातल्या गोदामांची फ्लोअरिंग करतो आणि लोक मला साहेब म्हणतात. माझे मजूर शेजारीच उभे होते. साहेबाचं नाव सुन्या आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मॅडम डोणगावला आम्हाला पीटी शिकवायच्या. मी वर्गातला सगळ्यात जाडा. पीटीच्या तासालाच नेमकं माझं पोट दुखायचं. मॅडम स्वतः रिंग टेनिस खेळायच्या. त्यात जाळीवरून रबराची रिंग फेकतात आणि समोरच्याने ती खाली पडू न देता झेलायची असते. त्यांचा हात असा चालायचा की मीसुद्धा पोटदुखी विसरून बघत बसायचो. पण आमचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात त्याला हात आत जाईल एवढ्या भेगा पडायच्या. एकदा आम्हाला खेळून दाखवताना मॅडमचा पाय भेगेत गेला आणि घोटा मोडला. नंतर त्या शिकवत राहिल्या, खेळल्या मात्र कधीच नाहीत.

आता रिटायर झाल्यावर त्यांनी घरामागे कोर्ट करायचं काढलं. गावातल्या मुलींना शिकवायचं आणि जमलं तर स्वतःही हात चालवायचा. मी जयभीम करून ओसरीवर बसलो, तर त्यांनी एकच अट सांगितली. एकही भेग नको. मी चहाचा कप खाली ठेवला आणि छाती फुगवून म्हणालो, "एक जरी भेग दिसली ना मॅडम, तर बापाचं नाव लावणार नाही."

इथपर्यंत माझी अक्कल जागेवर होती, असं मला तरी वाटत होतं. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. वर काहीही बांधा, ती त्याला घेऊनच हलते. म्हणून आम्ही दोन फूट माती काढून फेकली. मुरूम थराथराने भरला, पाणी मारून रोलर फिरवला. पावसाचं पाणी कडेने आत मुरू नये म्हणून चारी बाजूंनी नाली काढली. वर काँक्रीट ओतलं. काम झकास झालं. ओल्या काँक्रीटवर पाय उमटू नयेत म्हणून मॅडम खुर्ची टाकून कोंबड्या हाकत बसल्या.

अडचण अशी की काँक्रीटही वाळताना आकसतं. त्याला भेग पडतेच, तिला कुणाचा बाप अडवू शकत नाही. मग आम्ही काय करतो, तर दुसऱ्या दिवशी कटरने त्यात सरळ खाचा पाडतो. भेग मग त्या खाचेच्या तळाशी गुपचूप पडते, बाकीचं कोर्ट साबूत राहतं. याला जॉइंट म्हणतात. गोदामवाल्यांना हे मी पान खाता खाता समजावतो. मॅडमपुढे मात्र जीभ उचलेना. शेवटी रंग पसंत करायच्या निमित्ताने मी त्यांना मेहकरला धाडलं. रंग मी आधीच आणून ठेवला होता.

"ही भेग नाही मॅडम, हा जॉइंट आहे," मी म्हणालो.

"कोणं पाडला?"

"मीच."

मॅडमनी खाचेकडे बघितलं. "मातीनं पाडली होती ते परवडलं. तिनं मले शब्द तं नव्हता देला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी श्रिंकेज म्हणालो, स्ट्रेस म्हणालो, पॅनल साइझ म्हणालो. जितकं इंग्रजी आठवत होतं तितकं सगळं बोलून टाकलं. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी वाकून खाचेत बोट फिरवलं.

"खोबऱ्याच्या वडीले गरम असतानीच रेघा मारतो, तसं?"

"हाव मॅडम."

"मंग तसं सांगाचं नं. मले मेहकरले काऊन धाडलं?"

"भेव वाटलं तुमचं."

"जॉइंट पाडला, त्याचं काही नाही. मले फसवलं, त्याच्या दोन चकरा."

मी कोर्टाभोवती धावलो. पहिल्याच चकरेत पोट दुखलं, आणि या वेळी खरोखर दुखलं. मजुरांनी माना वळवल्या होत्या. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

पुढे खाचांमध्ये रबरासारखा मसाला भरला, वर हिरवा रंग दिला. मुली खेळायला लागल्या. मॅडम काही कोर्टावर उतरेनात. आधी उन्हाळा येऊ दे, मग पाहू म्हणाल्या. मे महिन्यात कुंपणापलीकडचं वावर तडातडा उललं आणि त्यांचा फोन आला. मी पोचलो तर त्या कोर्टावर उभ्या होत्या, हातात रिंग. त्यांनी तोच मोडलेला पाय जॉइंटवर ठेवला, दाबून बघितला. मग पूर्ण भार टाकला. पाय तिथेच ठेवून त्यांनी जाळीवरून माझ्याकडे रिंग फेकली, तशीच, शाळेत फेकायच्या तशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे रिंग दिसली नाही आणि सुटली. मॅडमनी हे कारण ऐकून घेतलं नाही. आणखी एक चक्कर झाली.

तेव्हापासून भेग पडणार नाही असं मी कुठल्याच गिऱ्हाइकाला सांगत नाही. भेग कुठे पडेल ते आधी खडूने रेघ मारून दाखवतो. चकरा मारायचं आता वय राहिलं नाही.