उलट्या आट्याचा पंखा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. रोज एसटीने धुळ्याला जाऊन बीएस्सी केलं, विषय फिजिक्स. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते. लग्नानंतर सिल्वासाला आले. नवरा सामरवरणीच्या एका कारखान्यात फिटर, आणि मला नोकरी लागली ती धरणाच्या पाण्यापलीकडच्या शाळेत. काठापर्यंत पहाटेची बस, तिथून लाँच. रस्त्याने वळसा घालून गेले असते तर शाळा सुटायच्या वेळेला पोचले असते.

लाँच सागवानी, मुंबई बंदरात उमेदीची वर्षं घालवून इकडे आलेली. तिचं विलायती इंजिन तिच्याइतकंच म्हातारं. दिवाळीच्या तोंडावर त्याचा क्रँक तुटला, गिअरबॉक्सलाही चीर गेली. पार्ट कुठेच मिळेनात. हेडमास्तर म्हणाले, "बाई, सुट्टीनंतर पहिल्या घंटेला हजर असाल तर ठीक. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल." त्यांचं चूक नव्हतं. पण मला शिकवलं म्हणून वडिलांनी भावकीचं काय काय ऐकून घेतलं होतं, ते मला माहीत होतं. मी घरी बसले असते तर भावकी बरोबर ठरली असती.

लाँचच्या शेठचे ट्रकही होते. त्यातला एक गलोंड्याच्या वळणावर उलटला होता. बॉडी गेली, इंजिन शाबूत. मी नवऱ्याला म्हटलं, "ते बसवा की लाँचमध्ये."

"अगं, बैलगाडी आहे का ती, एक सोडून दुसरा जुंपायला?"

"तुम्ही फिटर आहात ना?"

एवढं पुरलं. शेठला पटवायचं कामही त्यांनीच केलं. सुट्टीभर ड्यूटी संपली की ते लाँचवर. जुनं इंजिन चेनपुलीने बाहेर काढलं, खालची लाकडं नव्या मापाने कापली, ट्रकचं इंजिन त्याच्या गिअरबॉक्ससकट खाली उतरवलं. रेडिएटर काढून टाकला. थंड करायला धरणभर पाणी होतं. हॉर्न मात्र राहू दिला. त्याच ट्रकचा ड्रायव्हर आता लाँचचा ड्रायव्हर झाला. ते आमच्या खानदेशातले, म्हणून मी त्यांना मामा म्हणायची.

ट्रायलच्या दिवशी मामांनी नारळ फोडला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. लाँच मागे गेली आणि बूड चिखलात रुतलं. काठावर हशा पिकला.

"हाई ते उलटीच चालस!" मामा म्हणाले आणि त्यांनी रिव्हर्स टाकला. लाँच झोकात पुढे निघाली. पण मामांचा जन्म ट्रकवर गेलेला. रिव्हर्स पडला की त्यांची मान आपोआप मागे वळायची. लाँच पुढे, मामांची नजर मागे, आणि समोर कोळ्यांच्या जाळ्याचे बांबू. दोन बांबू आडवे झाले. काठावर जमलेले शेठच्या ट्रकांचे क्लीनर ट्रक मागे घेताना ओरडतात तसे ओरडले, "आने दो, आने दो!"

शेठ हसून म्हणाले, "चाले छे ने? बस!"

त्यांना बस होतं, मला नव्हतं. रिव्हर्सचा गिअर एकच. इंजिन बोंबलायचं आणि लाँच गोगलगाय. असं पलीकडे जायचं तर पहिला तास संपूनच जाणार.

जुनी गिअरबॉक्स काठावर भंगारात पडली होती. मी तिथे बसले आणि तिचं एक टोक हाताने फिरवलं. दुसरं टोक उलट्या दिशेने फिरलं. मी पुन्हा फिरवून बघितलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"ही गिअरबॉक्स दिशा उलटवत होती. ट्रकची उलटवत नाही. फक्त रिव्हर्सलाच उलटवते. तुमचं इंजिन बरोबर आहे, खालचा, पाण्यात फिरणारा पंखा चुकीचा आहे."

"बीएस्सीबाई, पंखा इतकी वर्षं चालला की!"

"जुन्या इंजिनाला चालला. पंखा म्हणजे स्क्रूच. तो उलट्या आट्याचा पाहिजे."

त्यांनी ते टोक स्वतः फिरवून बघितलं. मामांनी मात्र मांडीवर थाप मारली. "म्हंजे डावा चाकना नट!" ट्रकच्या डाव्या चाकाचे नट उलटे फिरवून आवळावे लागतात, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. नवरा हसला. "आता नटापर्यंत आलीस तर मला कळणारच," म्हणाला.

असा पंखा तयार मिळेना, म्हणून ओतून घ्यायचं ठरलं. ओतकामाला आधी लाकडाचा नमुना लागतो. सुताराने जुना पंखा बघितला आणि डोकं खाजवलं, "उलटा कसा कोरू?" मी घरून माझ्या लग्नातला आरसा आणला आणि पंख्यासमोर उभा केला. "यातला बघून कोरा." त्याने आरशातला कोरला. सामरवरणीच्या भट्टीत पितळेचा पंखा ओतला, आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने तो दांड्यावर चढवला.

सकाळी मी पुढच्या फळीवर बसले. मामांनी पहिला टाकला, दुसरा टाकला, मग तिसरा. पाणी दोन्ही बाजूंनी फाटत गेलं. मी सारखी मागे बघत होते, मामांची मान कुठे वळते ते. मान सरळ होती.

"बाई, तुम्हीन पुढे देखा," मामा म्हणाले आणि त्यांनी ट्रकचा हॉर्न दाबला. पलीकडच्या काठावर पोरं धावत आली.

हेडमास्तर अजून पायजम्यातच दात घासत होते. त्या दिवशी पहिली घंटा मीच वाजवली.