दहाव्याचा वक्ता

माईकवर तीन बोटांनी टकटक करायची, फुंकर मारायची, मान खाली घालायची आणि म्हणायचं, "गेलेला माणूस स्वतःसाठी जगला नाही." भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या दहाव्याला तुम्ही गेला असाल, तर नदीकाठी उन्हात बसून हे वाक्य ऐकलं असेलच. ते आमच्या किकवीच्या तात्यांचं.

एरवी तात्या 'न्हाई' म्हणत. माईकवर 'नाही'. मेलेल्याचा तेवढा मान राखत.

पिंडाला कावळा शिवेपर्यंत लोकांना बसवून ठेवावं लागतं, म्हणून आमच्याकडे भाषणं असतात. पुढारी येतात, स्वतःबद्दल बोलतात आणि पुढच्या दहाव्याला जातात. तात्या गेलेल्याबद्दल बोलत. माझ्या मोटरसायकलवर मागे बसून येत आणि पोचल्या पोचल्या घरच्यांना गाठत. "येखादी गोष्ट सांगा. दुसऱ्यासाठी केल्याली. ल्हान असली तरी चालंल."

जन्मभर त्यांनी दूध डेअरीत फॅट मोजली होती. लोक म्हणत, "तात्या पाण्यातबी फॅट काढत्यात." पानशेतकडच्या एकाने सगळी जमीन बंगलेवाल्यांना विकून पोरांना उघड्यावर आणलं होतं. तात्यांनी सांगितलं, त्याने शहरातल्या थकल्याभागल्यांना निवारा दिला. पोरं हात जोडून ऐकत होती. शेजाऱ्यांचे बांध कोरण्यात हयात घालवलेल्या एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला तात्यांनी नेहमीचं वाक्य टाकलं, तर मागून शेजारी म्हणाला, "खरं हाय. सोताच्या न्हाई, माझ्या वावरात जगला." माणसं टोप्यांआड हसली.

दारू पिऊन मेलेल्या एकाची बायको मात्र काही सांगेना. सासरच्या बायका तिच्याकडे पाहत कुजबुजत होत्या. तात्या तिच्यापुढे उकिडवे बसून राहिले. शेवटी ती म्हणाली, "पाऊस आला की भटकी कुत्री पडवीत घ्यायचा. मला भाईर काढायचा."

तात्यांनी माईकवर कुत्र्यांपर्यंतच सांगितलं. कुजबुज थांबली. त्या बाईने पदर जरा मागे सारला आणि त्या दिवशी पहिल्यांदा लोकांकडे पाहिलं.

येताना मी म्हटलं, "तात्या, अर्धंच सांगितलंत."

"ऱ्हायलेलं तिला पाठ हाय," ते म्हणाले.

मी या सगळ्याला सोंग म्हणत असे. अजूनही म्हणेन. पण ती बाई पुढे त्याच गावात मान वर करून राहिली, तेही मी पाहिलं आहे.

शेवटी शेवटी तात्यांना दम लागू लागला आणि एकच घोर लागला. चहाच्या टपरीवर विचारत, "माझ्या टायमाला कोन बोलनार?"

"तुमचं तुमीच बोलून ठेवा की," टपरीवाला म्हणे. "तुमच्यावढा अनुभव कुनाला हाय?"

"मस्करी न्हाई. येकानं तरी हुबं ऱ्हावं."

"ऱ्हाऊ की! आधी मरा तर खरं."

तात्या मेले. दहाव्याला माणूस चिक्कार. पुढाऱ्याला त्या सकाळी आणखी दोन गावं करायची होती. त्याने तात्यांच्या मुलाला हळूच विचारलं, "काय करायचे वडील?"

"भाषनं," मुलगा म्हणाला.

"थोर वक्ता हरपला," असं सांगून पुढारी गाडीत बसला.

आणखी कुणी बोलणार का, अशी विचारणा झाली. तात्यांनी ज्यांच्या ज्यांच्या बापाला थोर करून ठेवलं होतं, ते सगळे समोरच बसले होते. "तुमी बोला." "छ्या, तुमीच बोला." टोप्या सारख्या झाल्या. कुणी उठलं नाही.

मग मुलगा चाचरत म्हणाला, "तात्यांनी मोबाईलमधी कायतरी बोलून ठेवलंय. आमी आजून ऐकलं न्हाई." त्याने मोबाईल माईकला लावला.

आधी टकटक. मग फुंकर. "गेलेला माणूस स्वतःसाठी जगला नाही."

त्यानंतर नुसती पंख्याची घरघर. रस्त्यावरच्या टेम्पोचा हॉर्न. मग तात्यांच्या बायकोचा आवाज, "आज कुनाचा दहावा?"

"हाय येकाचा."

"मग बोला की. काय अडलंय?"

पुन्हा पंखा. बराच वेळ.

"काय सापडंना," तात्या म्हणाले. तेवढंच होतं.

बायकांमध्ये बसलेल्या तात्यांच्या बायकोने पदर तोंडात कोंबला. पुरुष नदीकडे बघू लागले. आणि अगदी मागून त्या दारुड्याची बायको उठली. आमच्याकडे दहाव्याला बायका माईकवर बोलत नाहीत. तरी ती माणसांमधून वाट काढत माईककडे निघाली.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "शिवला! कावळा शिवला!"

सगळे एकदम उठले. चपलांची शोधाशोध सुरू झाली. ती माईकपाशी पोचली तेव्हा माईकवाला वायर गुंडाळत होता. त्याला वाटलं, बाईला पलीकडे जायचं आहे. त्याने वायर उचलून तिला वाट करून दिली.

"बघा, कसा झटक्यात शिवला," चपला घालता घालता टपरीवाला मला म्हणाला. "तात्यांची कायसुदिक इच्छा ऱ्हायली नव्हती."