परक्या गावात भाजी घेणारे व्याही

परक्या गावात एक मोकळा दिवस हाताशी आला तर त्याचं काय करावं, हे अख्ख्या महाराष्ट्रात फक्त एका माणसाला कळलेलं आहे, आणि तो माणूस माझा व्याही आहे. आमच्या थोरलीचे सासरे; त्यांच्या बोलीत इवाई. राहणार नागपूरजवळ मौदा, वीज केंद्रातून निवृत्त, उंची बेताची आणि आवाज गावजेवणाच्या पंगतीत वाढप्याला हाक मारायचा. तुम्ही-आम्ही नव्या गावी गेलो की देऊळ बघतो, तळं बघतो, किल्ला असलाच तर धापा टाकत चढतो आणि फोटो काढून उतरतो. व्याह्यांना हे साफ नामंजूर. जे जागचं हलत नाही ते कधीही बघता येतं, असं त्यांचं म्हणणं. ते परक्या गावात उतरले की आधी भाजीबाजार गाठतात आणि किलोभर भाजी घेतात. मुक्काम लॉजवर, खोलीत शेगडी नाही, पातेलं नाही, तरी घेतात. मग ती शिजवून कोण देईल याचा शोध सुरू होतो, आणि त्या शोधात माणसं भेटतात. भोपाळला लॉजच्या मॅनेजरच्या बायकोनं त्यांना दोडकी शिजवून वाढली होती. अजून दर दिवाळीला तिचा फोन येतो. माझ्या सख्ख्या भावाचा येत नाही.

दुसरी खोड म्हणजे घरून निघताना एखादी वस्तू मुद्दाम विसरायची. कधी टॉवेल, कधी कंगवा. मागितल्याबिगर ओळख होत नाही, हे त्यामागचं तत्त्वज्ञान. थोरलीच्या साखरपुड्याला ते चिपळूणला आमच्याकडे एक दिवस आधी आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी त्यांना देवदर्शनाला न्यायला रिक्षा सांगून ठेवली आणि हे सकाळी सातला घरातून गायब. मुलीचा बाप मी. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी व्याही हरवला तर लोकांना तोंड काय दाखवणार? दुपारी दीडला आले. अंगावर शेजारच्या मास्तरांचा टॉवेल, आणि हातात मासळीबाजारातल्या एका कोळणीच्या मुलाची लग्नपत्रिका. माणूस माळकरी, मासळीचा वाससुद्धा सहन होत नाही. मी त्या बाईकडून तीस वर्षं बांगडे घेतोय. मला पत्रिका नव्हती.

तर अशा माणसाच्या तावडीत मी गेल्या थंडीत पुरता सापडलो. आमच्या धाकटीला नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं, म्हणून शनिवारी मी तिला घेऊन पोचलो. हिंगणा रोडवर एका बाईंच्या घरी खोली ठरवली होती. भिंतीवर नियमांचा कागद, खिडकीबाहेर ओळखीचं एकही झाड नाही. धाकटी कॉटवर बसली आणि म्हणाली, "बाबा, मला नाही राहायचं इथे." एरवी मी चार शब्द सुनावले असते. पण खरं सांगतो, मला आतून बरं वाटलं. थोरली लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून घर खायला उठतं. ही परत आली तर कोण नको म्हणतंय? मी मनात बेत पक्का केला. रविवारी पोरीला फुटाळा तलाव दाखवायचा, बर्डीच्या बाजारपेठेत काहीतरी खाऊ घालायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं दोघांनी घरी. माझ्या तिकिटाच्या जोडीला तिचं मिळतंय का, ते मी मोबाइलवर तीनदा पाहून ठेवलं.

रविवारी सकाळी आठला दारात व्याही. मौद्याहून पहिल्या बसनं आलेले, बगलेत रिकामी पिशवी. "एकच दिवस हाय ना वं तुह्याजवळ? चल मग, भाजी घ्याले," ते धाकटीला म्हणाले. मी तलावाचा विषय काढून पाहिला. तलाव कुठं पळून चालला काय, असं त्यांनी मला विचारलं. आता मुलीच्या सासऱ्याला नाही म्हणायचं, हे आमच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी मुलीच्या बापाची मान ताठ होत नसते. मी मुकाट्यानं चपला घातल्या.

बाजारात व्याही स्वतः एक शब्द बोलले नाहीत, आणि हे त्यांना किती जड गेलं असेल ते मीच जाणे. सगळं धाकटीनं विचारायचं. रस्तासुद्धा तिनंच, आणि तोही त्यांना पाठ असलेला. ती एका म्हाताऱ्या बाईपुढे बसली. भरताची वांगी कशी ओळखायची, हे त्या बाईनं तिला हात धरून शिकवलं, कुठल्या गावची म्हणून विचारलं, आणि चिपळूण म्हणताच, तिकडं समुद्र राहते म्हणते, खरं काय गा, असा सवाल मला केला. समुद्राची खात्री मी दिली. व्याही शेजारी उभे राहून, आपलीच मुलगी परीक्षेत पहिली आल्यासारखे हसत होते.

खरी पंचाईत पुढे होती. वांगी भाजायची कुठे? व्याह्यांनी पिशवी धाकटीच्या हातात दिली आणि घरमालकिणीच्या दाराकडे बोट केलं. धाकटी लाजेनं अर्धी झाली. मीही म्हटलं, अहो, त्या नियमांच्या कागदावर दुसऱ्याच नंबरला स्वयंपाकाला मनाई आहे. व्याही म्हणाले, नियम भाडेकरूले असते, वांग्याले नाही. धाकटी गेली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी चुळबुळ करत जिन्यात उभा. मग वरून वांगी भाजल्याचा वास आला आणि पाठोपाठ दोन बायकांचं हसणं. तासाभरानं आम्ही चौघं त्या बाईंच्या स्वयंपाकघरात भाकरी आणि भरीत खात होतो. भरीत असं तिखट की माझ्या डोळ्यांतून धारा, आणि बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी पातीचा कांदा आण वं, त्याच्याबिगर मजा नाही.

जेवणानंतर व्याह्यांनी धाकटीचा एक चांगलाभला ड्रेस उंची कमी करायला कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे टाकायला लावला. शिंपी म्हणाला, उद्या देतो. व्याह्यांनी त्याला गुरुवार सांगितला. ही काय नवी भानगड, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, परक्या गावात गुरुवारचं काम टाकलं की माणूस बुधवारी पळून जात नाही.

तेव्हा माझा संयम सुटला. धाकटी शिंप्याला माप समजावत होती. मी व्याह्यांना बाजूला घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं. सांगून टाकलं की गुरुवारची गरज नाही, पोरीला इथे राहायचं नाही, मी तिला आज घेऊन चाललोय. मला वाटलं, आता आवाज चढेल. पण ते फुटपाथच्या कडेला खाली बसले आणि हाताला धरून मलाही बसवलं.

"तुमच्या जावयाले पहिली नोकरी लागली होती बंगळूरले," ते म्हणाले. "चौथ्या दिवशी फोन आला. बाबा, कोणी बोलतच नाही माह्याशी, येऊ का? मी म्हटलं, ये. मलेही तेच पाहिजे होतं ना. मग दोन वर्षं घरी बसून राहिला. त्यानं मले कधी बोल नाही लावला, पण ते 'ये' मले अजून टोचते. इवाईबुवा, पोरीले राहाचं नाही, का तुमाले नेवाचं हाय?"

मी उठलो आणि शिंप्याच्या दुकानातून धाकटीला घेऊन आलो.

संध्याकाळी स्टेशनवर मी धाकटीला विचारलं, काय करतेस? तिचा चेहरा उतरलेलाच होता. म्हणाली, गुरुवारपर्यंत थांबते, ड्रेस तरी घेते. गाडी हलली तेव्हा ती व्याह्यांच्या शेजारी उभी होती. व्याही हात हलवत काहीतरी ओरडत होते; गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही, म्हणजे गाडीचा आवाज केवढा असेल बघा.

बुधवारी फोन आला. आवाज बारीक. कामावर सगळे हिंदीत बोलतात, साहेब तिच्या चुका मोजतो, डबा तिखट. मग थोडं थांबून म्हणाली, "बाबा, येऊ का?" शेजारी बायको उभी, ती हातानं खुणा करते आहे, ये म्हणा, ये म्हणा. शब्द ओठांवर आलेला मी गिळला. विचारलं, उद्या काय काय करायचंय तुला? धाकटी सांगायला लागली. शिंप्याकडे जायचंय. बाईंच्या गुडघ्याचं औषध आणायचंय. ती वांगीवाली म्हातारी उद्या मेथी ठेवणार आहे तिच्यासाठी. कंपनीच्या बसमध्ये एक वर्ध्याची मुलगी जागा धरते. सांगता सांगता आवाज कधी मोठा झाला ते तिचं तिला कळलं नाही. मग एकदम म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि आईच या ना इकडे. एक दिवस मोकळा ठेवून या, मी फिरवीन."

फोन ठेवला. काय म्हणाली, येतेय ना, बायकोनं विचारलं.

"आपल्याला बोलावलंय," मी म्हटलं.