अण्णांचं मुखत्यारपत्र

अर्धांगवायूनं अण्णांची वाचा गेली, उजवा हात गेला. डोकं मात्र शाबूत होतं. वर्तमानपत्र समोर धरलं की वाचून झाल्यावर पान उलटायची खूण करायचे. सही जमेना म्हणून त्यांची पेन्शन बँकेत अडकली आणि बीडहून व्यायाम करवायला येणारा माणूस बंद करावा लागला. बँकेनं सांगितलं, मुखत्यारपत्र आणा.

भरवणं, अंग पुसणं सगळं मीच करत होते. "माझ्या नावानं करू?" विचारलं, तेव्हा अण्णांनी डाव्या हातानं माझा हात दाबला. ठरलं.

पण कचेरीची कामं पुरुषांनी करायची, ही आमच्याकडची रीत. युसूफ वडगाव या गावाहून काका आले. "तू बापाजवळ थांब, कागदाचं मी बगतो," म्हणाले. मीही एवढी शिकलेली, माझं आधार कार्ड त्यांच्या हातात देऊन मोकळी झाले.

नोंदणीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. चौघांनी अण्णांना खुर्चीसकट वर नेलं. साहेब दस्त वाचू लागले : "माझ्या खात्याचे सर्व व्यवहार करण्याचा अधिकार मी माझ्या पुतण्यास देत आहे."

मी ताडकन उठले. "काका, हे काय?"

"लेकीच्या नावानं कुटं असतंय का बाई? उद्या जावई मालक व्हायचा. माझं पोरगं घरचंच हाय की."

घरचंच, खरंय. अण्णा पडल्यापासून दोनदा आलं आणि दोन्ही वेळा जेवून गेलं. आयत्या बिळावर नागोबा!

"राजीखुशीनं देताय ना?" साहेबांनी विचारलं. अण्णा जोरजोरात नकाराची मान हलवू लागले.

"आजारानं हालती त्यांची मान," काका म्हणाले आणि अण्णांचा डावा हात शाईच्या पॅडकडे ओढला. अण्णांनी अंगठा आत घेऊन मूठ आवळली. काका एकेक बोट सोडवायला लागले, तसा माझा तोल गेला. मी त्यांचा हात झटकून टाकला.

"ते नाही म्हणतायत. दिसत नाही का तुम्हाला?"

साहेब माझ्याकडे न बघता लिहीत होते. आजारपणात अण्णा इतकं स्पष्ट कधी बोलले नव्हते, आणि कागदावर शेरा पडला : लिहून देणाऱ्यास व्यवहाराचे आकलन नाही.

"आता मुखत्यारपत्र होणार नाही. कोर्टातून पालक नेमून घ्या," साहेब म्हणाले. म्हणजे माझ्या बापाला काही कळत नाही, हे आता मीच शपथेवर लिहून द्यायचं.