पाहणीत न सापडलेला भाऊ

विद्यापीठात तिला सगळे आकडेबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागचं नाव माणसाच्या कानावर आल्यावाचून राहत नाही. तिला ते मनातून आवडायचं. घरात मात्र तिची बाई कुणीच केली नव्हती. आई ‘पोरी’ म्हणायची आणि थोरला भाऊ, म्हणजे दादा, ‘अगं ए’ एवढ्यावर भागवायचा.

बाप गिलावा करणारा गवंडी. सकाळी मजूर अड्ड्यावर जाऊन उभा राहायचा, मुकादम यायचा आणि माणसं निवडून न्यायचा. शाळेला सुट्टी असली की ती बापाचा डबा घेऊन तिथे जायची. तेव्हा एक गोष्ट तिच्या लक्षात आली. अड्ड्यावर माणसं कमी असली की मुकादम ‘या हो काका’ म्हणायचा. गर्दी असली की तोच मुकादम ‘ए म्हाताऱ्या, चल हो बाजूला’ म्हणायचा. बाप तोच, त्याच्या हातातली थापी तीच, मग बदललं काय? या एका प्रश्नाच्या मागे लागून ती अर्थशास्त्राची प्राध्यापक झाली. दादा त्याच प्रश्नाच्या आत राहायला गेला. बाप परांचीवरून उतरला तेव्हा त्याची थापी दादाने उचलली.

पुढे पलीकडच्या देशाचं चलन कोसळलं. कोसळलं म्हणजे असं, की महिन्याचा पगार घेऊन बाजारात गेलेला माणूस अर्धी पिशवी भरून परत यायचा. तिथली धडधाकट माणसं सीमा ओलांडून इकडे आली. इथे दिवसभर राबलं की तिकडच्या घरचा आठवडा निघत होता, कोण थांबेल? चलन कोसळतं बँकेच्या वरच्या मजल्यावर, पण त्याचा धुरळा बसतो तो तळमजल्यावरच्या माणसांच्या ताटात. लवकरच या गावात दोन तट पडले. एक म्हणायचा, ही माणसं आमच्या तोंडचा घास काढतात. दुसरा म्हणायचा, ही नसती तर तुमची घरं बांधली कुणी असती?

आता योगायोग बघा. हे लोक यायच्या आदल्याच वर्षी आकडेबाईने गावातल्या बांधकाम मजुरांची मोठी पाहणी केली होती. कोण किती कमावतो, किती दिवस काम मिळतं, सगळं विचारून ठेवलेलं. तीन वर्षांनी तिने तीच माणसं पुन्हा शोधून काढली आणि तेच प्रश्न विचारले. उत्तर आलं ते तिलाही सुखावणारं होतं: मजुरी घटलेली नाही. उलट थोडी वरच गेली आहे. शोधनिबंध छापून आला, वर्तमानपत्रांनी उचलला, आणि बाहेरून आलेल्यांचे कामाचे परवाने वाढवून द्यायचे की नाही हे ठरवायला सरकारने जी समिती बसवली, तिने आकडेबाईला साक्षीला बोलावलं.

या परवान्यांपैकी एक तिच्याच घरात होता. आई पडल्यापासून अंथरुणाला खिळली होती, आणि तिचं सगळं करायला पलीकडची एक बाई घरात राहत होती. आई तिला धाकटी म्हणायची, जणू ती पोटचीच. धाकटीच्या हातून घास खायची, लेकीच्या हातून औषधसुद्धा घ्यायची नाही.

साक्षीला दोन आठवडे उरले असताना एका रविवारी दादा आईला भेटायला आला. अंगात राखणदाराचा निळा सदरा होता. गुडघा गेला म्हणून गिलावा सोडला, असं त्याने मागेच सांगितलं होतं.

“काय गं ए, सरकारदरबारी बोलावणं आलंय म्हणे,” तो खुर्चीत बसत म्हणाला. “आता आम्हाला ओळख दाखवशील ना?”

“विचार करीन.”

“विचार कर. धाकटे, चहा टाक. साखर सढळ हाताने घाल, ही बाई मोजून घालते.”

धाकटीने चहा आणला. दादाने बशीत ओतून फुर्रकन घोट घेतला आणि स्वतःशीच हसला.

“तुझी ती पाहणीवाली माणसं, आमच्या अड्ड्यावर परत आली होती म्हणे माझं नाव विचारत. पहिल्या खेपेला त्यांनी मला धरलं होतं ना. कितीतरी प्रश्न! घरात संडास आहे का इथपर्यंत. दुसऱ्या खेपेला मी कुठला तिथे असायला? मी तर गेटावर बसून माश्या मारत होतो.”

“मग काय म्हणाले ते?”

“पानवाल्याला विचारलं, तो म्हणाला माहीत नाही. गेले परत. आता पानवाल्याला कसं माहीत असणार? आमच्या टोळीतलं कुणीच उरलं नाही तिथे.”

“तुझा गुडघा दुखत होता म्हणून तू सोडलंस ना?”

दादाने बशी खाली ठेवली. “गुडघा आहेच की. बापाचाही होता. काम असलं की गुडघा आठवत नाही गं.”

कपाटापाशी उभी असलेली आकडेबाई खाली बसली. पाहणीत एखादा माणूस दुसऱ्या खेपेला भेटला नाही, तर त्याच्यापुढे ‘सापडला नाही’ असा शेरा मारून त्याला हिशेबातून वगळायचं, हा तिच्या विद्येतला जुना रिवाज. माणसं हरवतातच, कुणी घर बदलतं, कुणी मरतं. हरवलेली माणसं वयाने, शिक्षणाने इतरांसारखीच आहेत एवढं तपासलं की झालं. तिने तपासलं होतं. पण ती कशामुळे हरवली, हे विचारलं नव्हतं. नापास होणारी पोरं शाळा सोडून गेली, की वर्गाचा निकाल न शिकवताच सुधारतो. ज्यांना काम मिळेनासं झालं ते अड्डा सोडून गेले, आणि मागे उरलेल्यांची मजुरी मोजून तिने जगाला सांगितलं की मजुरी घटली नाही.

आणि सख्खा भाऊ, ज्याचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये सगळ्यांत वर होता, तो तिच्याच पाहणीत ‘सापडला नाही’. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

“काय झालं?” दादाने विचारलं. “भूत बघितल्यासारखं तोंड का केलंस?”

“तुझ्या टोळीतली बाकीची माणसं कुठे असतात आता?”

“इकडेतिकडे. का?”

“मला भेटायचंय त्यांना.”

पुढचा सगळा आठवडा ती त्या माणसांच्या मागे फिरली. दादाने एकाचा पत्ता दिला, त्याने दुसऱ्याचा. कुणी गोदामात हमाली करत होता, कुणी लेकीच्या सासरी जाऊन गुरासारखा कोपऱ्यात पडून होता, कुणी दुकानाच्या पायरीवर राखणदार. सगळे चाळिशी-पन्नाशी उलटलेले, सगळ्यांची कमाई निम्म्यावर. आणि दुसरीकडे टोळीतलीच तरणी माणसं वर चढली होती. हाताखाली आलेल्या नव्या लोकांच्या तुकड्या सांभाळायला मुकादम म्हणून. म्हणजे कुणाचं भलं झालं होतं, कुणाचं वाटोळं, आणि दोन्ही एकाच कारणाने. तिच्या निबंधात यातलं फक्त भलं आलं होतं.

विभागप्रमुखांना, म्हणजे सरांना, तिने हे सांगितलं. सरांनी तिला शिकवलेलं. स्वतः ते बाहेरून आलेल्या आईबापांचे पुत्र. त्यांनी दार लोटून घेतलं.

“निबंध दुरुस्त कर. अवश्य कर,” ते म्हणाले. “पण पुढच्या वर्षी. आत्ता समितीसमोर तू हे बोललीस, तर माकडाच्या हाती कोलीत दिल्यासारखं होईल.”

“पण सर, खोटं आहे ते.”

“अर्धं आहे. आणि तू तिथे जे सांगशील, त्यातलंही ते अर्धंच ऐकतील. कोणतं अर्धं, ते तुला ठाऊक आहे.”

“मी मुद्दाम केलं असतं तर गोष्ट वेगळी. कळलं नव्हतं तोवर ती चूक होती. आता कळल्यावर तेच बोलले तर त्याला काय म्हणायचं?”

सर खिडकीकडे वळले. “माझा बाप इथे आला,” ते म्हणाले, “तेव्हा असंच कुणीतरी प्रामाणिक माणूस साक्षीला नव्हतं, हे माझं नशीब.”

घरी आली तर दादा आलेला. धाकटी आईचे केस विंचरत होती. आकडेबाईने लपवाछपवी केली नाही. जे होतं ते सांगून टाकलं. ऐकता ऐकता दादाचा चेहरा उतरला.

“म्हणजे तू तिथे उभी राहून सांगणार, की माझा भाऊ कामातून गेला?”

“नावं नसतात त्यात, दादा.”

“गावाला नाव सांगावं लागत नाही. मी सगळ्यांना गुडघा सांगितलाय.” मग जरा थांबून, “आणि सांगून मिळणार काय? त्या लोकांना हाकलतील. मला काय पुन्हा परांचीवर चढवणार आहेत?”

“तूच म्हणायचास ना, यांनी आमचं काम खाल्लं?”

“म्हणायचो. म्हणतोच. पण ते चहा पिताना म्हणायचं असतं.” त्याची नजर धाकटीकडे गेली. “तुला नाही गं म्हणत मी. तू त्यातली नाहीस.”

“मी त्यातलीच आहे, दादा,” धाकटी कंगव्यातले केस काढत म्हणाली.

आई तेवढी म्हणाली, “भांडू नका रे,” आणि तिने डोकं पुन्हा कंगव्यापुढे केलं.

इकडे आड, तिकडे विहीर. आकडेबाई साक्षीच्या आधीच्या दोन दिवसांत जेवली किती आणि झोपली किती, ते विचारू नये. एकदा वाटे, गप्प बसावं. घरातलं एक माणूस वाचेल, आणि त्याच्यासारखी हजारो. मग गोदामातला तो हमाल डोळ्यांपुढे यायचा. तिने शेवटचा प्रश्न विचारल्यावर तो म्हणाला होता, “बाई, बरं झालं आलात. आमचं कुणी विचारलंच नव्हतं.” एकदा तिने स्वतःच त्याला पुसून टाकलं होतं. दुसऱ्यांदा पुसायला हात धजेना.

समितीची खोली लांबट होती, पंखा कुरकुरत होता. आकडेबाई उभी राहिली. निबंधात चूक आहे इथपासूनच तिने सुरुवात केली, आणि ती कशी झाली तेही सांगितलं. मागच्या रांगेत सर मान खाली घालून बसले होते. अध्यक्ष, एक गोरेगोमटे, गोड बोलणारे गृहस्थ, पुढे झुकले.

“म्हणजे बाई, बाहेरच्यांमुळे आपल्या माणसांचं नुकसान झालं. बरोबर?”

“वयस्कर कारागिरांचं झालं. तरुणांचा फायदा झाला. त्यावर उपाय...”

“नुकसान झालं, एवढं बरोबर ना?”

“झालं. पण परवाने बंद करून ते भरून येणार नाही. काम गेलेल्यांना दुसरं काम शिकवायला हवं, त्यांच्यासाठी...”

“आभारी आहोत. पुढची साक्ष.”

तिचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. नाटकात प्रवेश संपायच्या आत कुणी पडदा पाडला, तर नट निदान पडद्यामागे जाऊन बोंब मारू शकतो. तिला दाराकडे हात करून वाट दाखवली गेली.

निकाल लागला तो सरांनी सांगितल्याबरहुकूम. परवाने वाढवायचे नाहीत. बांधकामावरचे नाहीत, घरकामावरचेही नाहीत. ज्यांचे संपतील त्यांनी जावं. काही आठवड्यांत परांच्या रिकाम्या झाल्या. मग हाताखाली माणसं नाहीत म्हणून तरणे मुकादमही घरी बसले. दादाला परत कामावर यायचा निरोप कुणी धाडला नाही, पण त्याची राखणदारी टिकली. “अर्धवट इमारतीला राखणदार लागतोच,” तो म्हणाला. विनोद चांगला होता, पण सांगताना तोही हसला नाही. सर तिच्याशी पूर्वीसारखंच बोलत. फक्त दार लोटून घेऊन बोलायचं त्यांनी सोडलं.

धाकटीची जायची वेळ आली. बॅग दाराशी भरून ठेवलेली. आकडेबाई आईच्या पलंगापाशी उभी होती. धाकटीनेच विचारलं.

“ताई, तुम्ही तिथे जुनंच सांगितलं असतंत, तर मी राहिले असते?”

खोटं बोलायची ती शेवटची सोय होती. आकडेबाईच्या ओठांवर येऊन ती परत गेली.

“बहुतेक राहिली असतीस.”

धाकटीने मान हलवली. राग होता की काय होतं ते कळलं नाही. तिने पदर खोचला आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला आली.

“मग इकडे या. आईंना कुशीवर वळवताना आधी खांद्याखाली हात घालायचा. कमरेला ओढलंत तर त्यांना कळ लागते. करा तुम्ही, मी बघते.”

आकडेबाईने हात घातला. कुठेतरी चुकलं असावं. आईने कण्हत डोळे उघडले, लेकीच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं आणि म्हणाली, “धाकटे, तू कर गं.”

धाकटीने हात पुढे केला नाही. “पुन्हा करा, ताई,” ती म्हणाली. “बसची वेळ आहे अजून.”