राजा जाणाऱ्याकडे

१९६२चा पावसाळा संपत आला होता. आमच्या पलटणीला ईशान्य सीमेवर जाण्याचा हुकूम निघाला, तेव्हा मी नाईक होतो आणि रजेवर पिंगुळीला घरी होतो. तार आली : रजा रद्द, परत या. माझ्याच सेक्शनमधला शिपाई गोविंद तांडेल देवबागला रजेवर होता. त्याला बरोबर घेऊन मालवणहून कोल्हापूरची एस.टी. गाठायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवबागला पोचलो.

देवबाग म्हणजे वाळूची एक लांब पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये माडांखाली घरे. गोविंद पडवीत वडिलांबरोबर बुद्धिबळ खेळत बसला होता. होल्डॉल बांधून दारात ठेवलेला होता.

त्याचे वडील भिकाजी तांडेल. सगळे त्यांना तात्या म्हणत. मालवण ते मुंबई माल नेणाऱ्या गलबतावर त्यांनी उमर काढली होती. पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारली की चार महिने काम नसे. त्या दिवसांत तात्या बुद्धिबळ खेळत. पट सागाच्या फळीचा होता. मोहरी त्यांनी स्वतः कोरली होती. एक बाजू फणसाच्या लाकडाची, पिवळी. दुसरी शिसवीची, काळी. राजा, वजीर, घोडा, हत्ती नेहमीसारखे होते. उंटाच्या जागी मात्र शिडाची होडी होती. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारले होते.

“उंट मिया कधी बघूक नाय,” तात्या म्हणाले होते. “आणि तिरक्या चलता ता काय? होडी. वारो तोंडार आसलो की ती सरळ जायत काय? तिरकीच जातली.”

खेळ देशी पद्धतीचा होता. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालायचे. प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची.

त्या घरात आणखी एक रीत होती. ती गलबतावरून आलेली. डाव अर्धा असताना एकाला जावे लागले, तर जाणाऱ्याने आपला राजा बरोबर न्यायचा आणि राहणाऱ्याने पट आहे तसाच ठेवायचा. राजा बाहेर आहे तोवर डाव मोडला असे कोणी म्हणायचे नाही. जाणारा परत येणार, हे त्यात धरलेले होते.

“गोविंदा, उठ. गाडी चुकतली,” मी म्हटले.

“एक चाल रे, सदा.”

“हरूक लागलो की तेका गाडी दिसता,” तात्या म्हणाले.

“हरतत तुमी, तात्या.”

“मग मार मां! खंय मारतंस, बघूया.”

गोविंदने पटावर हात धरला. थोडा वेळ तसाच ठेवला आणि मागे घेतला. चाल त्याची होती, पण त्याला ती सुचली नाही. त्याने पिवळा राजा उचलला, शर्टाला पुसला आणि वरच्या खिशात घातला.

त्याची आई आतून वेताची टोपली घेऊन आली आणि तिने ती पटावर उपडी घातली. “कोंबड्यो पाडतीत. ह्या मी किती दिस संभाळूचा?”

“शिमग्याक येतंय गो आये.”

“बापाशीक मारूक?”

“मगे कित्याक?”

तात्या उठले नाहीत. टोपलीवर हात ठेवून बसून राहिले. आम्ही खाडीच्या बाजूने निघालो.

आमची पिकेट, म्हणजे पुढची छोटी चौकी, एका डोंगराच्या सोंडेवर होती. खाली नाला, समोर दुसरी सोंड. रसद माणसांच्या पाठीवरून येई. थंडीचे कपडे पुरेसे नव्हते. दिवसाचा क्रम ठरलेला होता : पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज राहणे, मग चहा, मग खणणे. दुपारी एक तास मोकळा मिळे. त्या तासात बुद्धिबळ चाले.

पट म्हणजे रेशनच्या पेटीचे झाकण. त्यावर कोळशाने घरे आखली होती. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या ही प्यादी. पितळी बटणे वजीर. घोडे, हत्ती आणि होड्या नाल्यातल्या दगडांच्या. काळा राजाही दगडाचा. गोविंदचा राजा तेवढा खरा होता. खेळ संपला की तो खिशात जाई आणि खिशाचे बटण लागे. बाकीची मोहरी झाकणावर पडून राहत.

पत्ते दवाने भिजून चिकटत. ट्रान्झिस्टरच्या बॅटऱ्या थंडीत बसत. बुद्धिबळाला काही लागत नसे. पण तेवढेच कारण नव्हते. पिकेटवर कुठे बसायचे, कधी झोपायचे, कधी खायचे, हे सगळे हुकमाने चाले. दुपारच्या तासात शिपाई हुकूम देणारा होई. इतर जवान गावाकडच्या बैलांबद्दल, विहिरीबद्दल बोलत. गोविंद म्हणे, “गावाक माझो पट आसा. डाव मांडलेलो आसा.” मांडलेला डाव ही त्याची मालमत्ता होती.

आमचे प्लाटून कमांडर सेकंड लेफ्टनंट साहेब पुण्याचे होते. कॉलेजात इंग्रजी पद्धतीचे बुद्धिबळ खेळलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी प्यादे दोन घरे पुढे टाकले.

“साहेब, एकच घर,” गोविंद म्हणाला.

“पहिल्या चालीला दोन चालतात, तांडेल.”

“पाठीवर पिठ्ठू आहे साहेब त्याच्या. दोन कशी चालेल?”

साहेब हसले. प्यादे मागे घेतले. “आणि शेवटच्या घरात पोचलं की वजीर करायचं ना?”

“ज्या घरातलं असेल त्या घरातलं मोहरं. घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा.”

“आमच्यात कुठलंही प्यादं वजीर होतं.”

“तुमच्यात होत असेल, साहेब,” गोविंद म्हणाला. सेक्शनमधले सगळे हसले. साहेबही हसले. त्यानंतर पिकेटवर देशी खेळच चालला. आमची पिंगुळी कळसूत्री बाहुल्यांसाठी प्रसिद्ध. मी खेळायला बसलो की गोविंद म्हणे, “पिंगुळीचो तू. तुका बाहुल्यो नाचवूक येतीत. प्यादी नाय येवची.”

एका दुपारी राजा हातात फिरवत तो म्हणाला, “सदा, घरच्या डावात माझी प्यादेमात आसा.”

“आता दिसली?”

“फोंड्याचो घाट चढताना दिसली. होडयेन त्येंच्या राजाची वाट धरलेली आसा. प्यादा एक घर फुडे सारला की झाला. गाडी थांबवून खाली उतरूचा असा वाटला.”

“मग उतरूचा होता.”

“कोर्ट मार्शल तू सोसतलंस?” तो म्हणाला. “शिमग्याक मारतंय. म्हातारो खंय जाता?”

हल्ला पहाटे स्टँड-टूच्या वेळी आला. आम्ही समोरच्या सोंडेकडे तोंड करून होतो. चिनी मागच्या धारेवरून उतरले. टेलिफोनची लाइन आधीच कापलेली होती. पहिल्या माऱ्यात एलएमजी या हलक्या मशीनगनवरचा नंबर दोन, शिपाई यशवंत राणे, पडला. नंबर एक गोविंद होता. त्याने गन उचलून मागच्या मोर्च्यात नेली आणि धारेवर फायर सुरू केला. थोड्या वेळाने साहेबांच्या पोटात गोळी लागली. वायरलेस सेट माझ्याकडे आला.

“पोझिशन सोडा. नाल्यात उतरून कंपनीकडे या. ओव्हर.”

“जखमी आहेत. कव्हर कोण देणार? ओव्हर.”

“तुमचीच एलएमजी. दुसरं काही नाही. आउट.”

मी सरपटत गोविंदच्या मोर्च्यात गेलो. त्याने सेटवरचे बोलणे ऐकले होते.

“साहेबाक घे,” तो म्हणाला. “बाकीच्यांकाय घे. मिया पाठसून येतंय.”

त्याने खिशाचे बटण काढले आणि राजा माझ्यापुढे धरला. “हो धर.”

“तुझ्याकडे रवांदे. नाल्यात दी.”

“जाणारो तू,” तो म्हणाला. “राजा जाणाऱ्याकडे.”

“गोविंदा...”

“नाईक साब, टाइम नहीं है.”

आम्ही दोघे एकमेकांशी कधी हिंदी बोलत नसू. ती हुकमाची भाषा होती. मी राजा घेतला.

साहेबांना घोंगडीत घालून आम्ही उतरलो. वरून एलएमजीचा आवाज येत होता. छोटे बर्स्ट, मध्ये विराम, पुन्हा छोटा बर्स्ट. ट्रेनिंगमध्ये शिकवतात तसे. आम्ही नाल्यात पोचलो तेव्हा एक लांब बर्स्ट झाला. तो तसा फायर कधी करत नसे. त्यानंतर आवाज आला नाही. आम्ही थांबलो. मग हुकमाप्रमाणे पुढे निघालो. एड पोस्टवर पोचण्याआधी साहेब गेले. सेक्शनमधले बाकीचे वाचले.

मी गोविंदला पडताना पाहिले नव्हते. रिपोर्टमध्ये तसेच सांगितले. त्याच्या नावापुढे ‘बेपत्ता’ असे लागले आणि देवबागला तशी तार गेली.

माझ्या पायाची दोन बोटे बर्फाने गेली. हॉस्पिटलातून रजा मिळाली तेव्हा शिमगा जवळ आला होता. मी पिंगुळीला जाण्याआधी देवबागला गेलो.

तात्या पडवीत शिडाचे कापड शिवत होते. कोपऱ्यात ती टोपली तशीच उपडी होती. गोविंदच्या आईने पाणी आणून दिले.

“पाय कसो आसा रे?”

“बरो आसा.”

“गोविंदाचा काय कळला?”

मी उत्तर देण्याआधी तात्या बोलले. “बेपत्ता म्हणान तार इली. पण कैदी सुटतले म्हणतत. एकेकटो येतलो.” ते सुई थांबवत नव्हते. “राजा तेच्याकडे आसा. अर्धो डाव टाकून रवणारो न्हय तो.”

“मी रोज पुसतंय पट,” ती म्हणाली. “एकेक उचलून पुसतंय, आणि थंयच ठेवतंय.”

राजा माझ्या खिशात होता. तो मी काढला नसता, तर त्या घरात गोविंद आणखी काही महिने जिवंत राहिला असता. कदाचित काही वर्षे. पण तो मला ठेवायला दिलेला नव्हता. न्यायला दिलेला होता. मी खिशातून काढून तो तात्यांसमोर कापडावर ठेवला.

सुई थांबली. गोविंदच्या आईने राजाकडे पाहिले, मग तात्यांकडे, आणि ती आत गेली.

“खंय गावलो?” तात्यांनी विचारले.

“गावलो नाय. त्येनाच दिल्यान.”

“हातात?”

“हातात.”

“काय म्हणालो?”

“जाणारो तू, म्हणालो. राजा जाणाऱ्याकडे.”

तात्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. “म्हंजे तेका म्हायत होता,” ते म्हणाले.

मग त्यांनी टोपली उचलली. पटावर धूळ नव्हती. त्यांनी पिवळा राजा त्याच्या घरात ठेवला.

“चाल तेची आसा.”

मी हात पुढे केला नाही. ती चाल मला माहीत होती, पण ती माझी नव्हती. तात्या थांबले. मग त्यांनी स्वतःच गोविंदचे पिवळे प्यादे एक घर पुढे सारले. पिवळी होडी आपल्या जागी होती. काळ्या राजाला जायला घर उरले नाही. त्यांनी आपला राजा पटावर आडवा केला.

“बापाशीक प्याद्यान मारल्यान,” ते म्हणाले. “माका त्याच दिवशी दिसला होता. गप रवलंय. म्हटला, शिमग्याक येयत तेवा मारीत.”

त्यांनी आडवा काळा राजा उचलून बोटांत फिरवला.

“सदा, तेका दिसली काय रे ही चाल?”

“दिसली. फोंड्याचो घाट चढताना. गाडी थांबवून परत येवक बघी होतो.”

तात्यांच्या चेहऱ्यावर हसू आले आणि गेले.

“येवचा होता,” ते म्हणाले.

कैदी परत आले. त्यांत गोविंद नव्हता. पुढे पलटणीकडून मृत्यूचा कागद आला. देह मिळाला नव्हता, म्हणून दर्भाचा पुतळा करून विधी झाला. मी गेलो होतो. तात्यांनी फणसाच्या लाकडाचा तो राजा पुतळ्याच्या छातीवर ठेवला आणि अग्नी दिला. कर्ली जिथे समुद्राला मिळते तिथे राख सोडली. परतताना त्यांनी पट आणि मोहरी एका जुन्या शिडाच्या तुकड्यात बांधून माझ्याकडे दिली. “हंय कोण खेळतलो?” एवढेच म्हणाले.

आता तो पट पिंगुळीला माझ्या पडवीत असतो. संध्याकाळी शेजारचे येतात. खेळ देशी पद्धतीचा. पिवळ्या राजाच्या जागी माझ्या कोटाचे पितळी बटण आहे. नवा माणूस बसला की बटणाबद्दल विचारतो, आणि मी नावे सांगतो. शिपाई यशवंत राणे. आमचे सेकंड लेफ्टनंट साहेब, जे प्यादे एकच घर चालवायला शिकले. शिपाई गोविंद भिकाजी तांडेल, देवबाग.

तांडेलांच्या घरची रीतही आम्ही पाळतो. डाव अर्धा राहिला तर जाणारा आपला राजा घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी घेऊन येतो. फक्त काळ्या बाजूचा. पिवळ्या बाजूने जो बसेल, त्याने डाव पुरा करूनच उठायचे.