तौर सरांच्या पिपाणीचं रेकॉर्डिंग

घरात जुने चार्जर कसे आपोआप साठतात, तसं आहे हे. कुणी विकत आणत न्हाई, कुणी फेकत न्हाई, आणि ड्रॉवर उघडला की सगळे एकमेकांत गुंतून बाहेर येतात. तौर सरांचे किस्से तसेच. एक ओढावा तर चार मागून येतात. म्हणून आधी चहा सांगून ठेवा.

आम्ही तिघं अंबडच्या एकाच शाळेतून रिटायर झालेले. तौर सर विज्ञानाचे, मोईन सर हिंदीचे आणि मी चित्रकलेचा. शाळा सुटली, पण संध्याकाळी तौर सरांच्या घरी जमायची सवय काही सुटली न्हाई. गोष्ट २००७-०८ च्या सुमाराची. सरांची एकुलती एक पोरगी शुभी लग्न होऊन आयर्लंडला गेल्ती. तिकडं म्हणे घरोघर टिन व्हिसल वाजवतात. आपल्या बासरीसारखीच, पण पत्र्याची, सहा भोकांची, तोंडात धरून सरळ फुंकायची. तिनं बापाला एक पाठवून दिली. आम्ही तिला पहिल्या दिवसापासून पिपाणीच म्हणत आलो.

पार्सल वहिनींनी उघडलं. वहिनी म्हणजे तौर सरांच्या मिसेस. त्यांनी ती वस्तू उलटीपालटी केली, एका टोकाला डोळा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "इतक्या लांबून फुंकणी धाडली होय पोरीनं? तिला सांगा, आपल्याकडं गॅस येऊन जमाना झाला."

"अगं, फुंकणीला मधी भोकं असतात का?" सर म्हणाले.

"तेच म्हणते मी. फुटकी हाय."

* * *

सर जिद्दीचे. इंटरनेटवर बघून बघून शिकले. पावसाळा संपेपर्यंत निदान चाल ओळखू यायला लागली. फोनवर शुभीला वाजवून दाखवली, तर तिला नुसती चिरचिर ऐकू गेली. मंग जावयानं सुचवलं, की घरीच रेकॉर्ड करा आणि इंटरनेटवर टाका, म्हणजे आम्हीबी ऐकू आणि जगबी ऐकेल. सर जालन्याला जाऊन कॉम्प्युटरचा माइक घेऊन आले.

पहिलं रेकॉर्डिंग झालं. खिडक्या बंद, पंखा बंद, आम्ही घामानं निथळलेले. सरांनी ते इंटरनेटवर टाकलं. दोन दिवसांनी तिकडच्या कुण्या गृहस्थाची कॉमेंट आली. सरांनी आम्हाला मराठी करून सांगितलं, "तुमचं वादन बरं आहे. पण मागं जे दुसरे कलाकार अधूनमधून वाजवतात, त्यांचा दम फार दांडगा आहे. त्यांचं नाव कळवावं."

आम्ही परत लावून ऐकलं. मागं कुकर होता.

वहिनी आतून म्हणाल्या, "कळवा त्याला. तुरीची डाळ होती म्हणावं."

* * *

दुसरा शत्रू घरातलाच, मोईन सर. त्यांचं बालपण कव्वालीत आणि मुशायऱ्यात गेलं. चांगली जागा आली आणि माणूस गप बसला, म्हणजे तो एकतर बहिरा न्हाईतर बेअदब, असं त्यांचं मत. सर पिपाणी तोंडाला लावायचे, जरा बरा सूर लागायचा, आणि माइकच्या बाजूलाच "क्या बात है, तौरसाब!"

"मोईन, रेकॉर्डिंग चालू हाय."

"तो मंग? मुर्द्याजवळ बसल्यासारखं बसू का?"

मी आयडिया काढली. मोईन सरांच्या तोंडात पान कोंबलं, भरगच्च, जर्दा घालून. सरांनी सुरुवात केली. मोईन सर गप. सूर चढला, मोईन सरांची मान डोलायला लागली, तरी गप. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्यांना पिचकारी मारायची वेळ झाली. ते उठले, दाराची कडी काढली, दार करकरलं, बाहेर थुंकले, आणि तोंड रिकामं झाल्याबरोबर अंगणातूनच ओरडले, "बहोत अच्छे!"

ते रेकॉर्डिंग बी सरांनी तसंच टाकलं. त्यांच्याजवळ दुसरं होतं कुठं?

* * *

आता खरी अडचण सांगतो. शुभीचा फोन आला, "पप्पा, मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं तुमचं."

बापानं खूश व्हावं का न्हाई? सर गारच पडले. आम्ही गेलो तर तोंड उतरलेलं.

"नवी नोकरी हाय तिची," सर म्हणाले. "तिच्या साहेबानं आपला कुकर ऐकला, ह्या मोईनचं थुंकणं ऐकलं. काय म्हणले असतील ते लोक? ही पोरगी कोणत्या बाजारातून आली?"

"शुभी काय म्हणली पण?"

"छान म्हणली."

"मंग झालं की."

"छान तर आपण कुणाच्याबी घरच्या भाजीला म्हणतो." मंग म्हणाले, "ह्या दिवाळीलाबी ती येणार न्हाई. एक चाल तरी अशी जाऊ दे इथून, की पोरीला चार लोकांत मान वर करून ऐकवता येईल. बिलकुल साफ. दुसरा एक आवाज नको मला त्यात."

मला सरांचं फार वाईट वाटलं. बापलोक असेच येडे असतात, मीबी त्यातलाच. आम्ही ठरवलं, सरांना साफ रेकॉर्डिंग करून द्यायचंच.

* * *

पण साफ व्हावं कसं? सरांच्या भिंतीला भिंत लावून पिठाची गिरणी. तेव्हा लोडशेडिंग जोरात. लाईट असली की कॉम्प्युटर चालू, पण लाईट आल्याबरोबर गिरणीवालाबी पट्टा चढवणार. गिरणी बंद पडून सगळं शांत झालं, की समजायचं लाईट गेली, आणि कॉम्प्युटरबी गेला. सर विज्ञानाचे. त्यांनी ह्यावर पुष्कळ विचार केला आणि शेवटी गिरणीवाल्याला गाठलं.

"लाईट असताना अर्धा तास गिरणी बंद ठिवता येईल का?"

तो म्हणाला, "ठिवतो की सर. बाहेर डबे घेऊन बाया बसल्यात, तेवढं तुम्ही त्यांना सांगा."

सर बायांच्या लाईनीकडं बघून तसेच घरात आले.

* * *

मंग वाटूरला माझ्या साडूचं शेत आहे, तिथं जायचं ठरलं. त्याच्या पोराचा लॅपटॉप मागून घेतला, म्हणजे लाईटचा प्रश्नच मिटला. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या कोठ्यापाशी, लिंबाखाली खाट टाकली. कपाशी उभी, माणूस न्हाई, गिरणी न्हाई. मोईन सरांना आम्ही मुद्दाम विहिरीपलीकडं बसवलं. सरांनी डोळे मिटले आणि पिपाणी फुंकली. काय सुंदर वाजवत होते म्हणून सांगू.

अर्धी चाल झाली असंल. बांधावरून गलका आला. बघतो तर पलीकडच्या वस्तीवरची पोरं पळत येऊन राह्यली. कुणाच्या हातात फुटकी बादली, कुणाजवळ सायकलचं जुनं चाक, आणि त्यांच्या मागं एक म्हातारी पिशवीत गळालेले केस घेऊन.

"फुगेवाला कुठंय?" एक पोरगं मलाच म्हणालं. भंगारावर फुगे आणि केसांवर भांडी देणारा फेरीवाला तिकडं अशीच पिपाणी वाजवत यायचा.

आम्ही लाख समजावलं, पण म्हातारी हटंना. "वाजवायचं आणि मंग न्हाई म्हणायचं, ही कोणती रीत? केसावर काय देता ते बोला." शेवटी साडूच्या घरातली एक स्टीलची वाटी देऊन तिला वाटं लावावं लागलं. साडूची बायको माझ्याशी अजून नीट बोलत न्हाई.

* * *

आणि वहिनी. त्या तर प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये असायच्याच. पिपाणी कितीबी वर चढू द्या, त्यांचा आवाज तिच्यावर. "आहो, चहा निवून चाल्ला." "कोथिंबीरवाला आलाय, सुट्टे हायेत का?" एकदा तर सर ऐन रंगात आल्ते आणि आतून हाक आली, "नळ आला!"

आमच्याकडं नळ कधी येईल ते देवालाच ठाऊक. सरांनी पिपाणी फेकली आणि बादल्या घेऊन पळाले. मागून मी, मागून मोईन सर. रेकॉर्डिंग बंद करायचं कुणाच्या ध्यानातच न्हाई. पुढं सगळा हंडे-बादल्यांचा आवाज आणि वहिनींची कॉमेंट्री, "टाकी भरा आधी, टाकी! मोईनभाई, ते पिंप न्हाई, ते गळकं हाय." जावयानं कळवलं, की हे रेकॉर्डिंग शुभीला फार आवडलं. सरांना वाटलं, जावई टोमणा मारून राह्यला.

* * *

शेवटी योग आला. गिरणीवाल्याच्या पुतणीचं लग्न शहागडला होतं, गिरणीला कुलूप, आणि दिवसाढवळ्या लाईट! मोईन सर स्वतःहून गिरणीच्या ओट्यावर जाऊन बसले, येणाऱ्या फेरीवाल्यांना परस्पर पिटाळायला. वहिनींना सरांनी सोफ्यावर बसवलं.

"आज तोंडातून एक शब्द काढायचा न्हाई."

"आणि शिंक आली तर?"

"गिळायची."

शुभी पाळण्यात असताना वहिनी जी चाल गुणगुणायच्या, ती सरांनी वाजवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठं अडखळले न्हाईत. वहिनींच्या डोळ्याला पाणी लागलं, पण बाईनं नाकसुद्धा ओढलं न्हाई. आम्ही परत लावून ऐकलं. नुसती पिपाणी. दुसरा एक आवाज न्हाई. सरांनी ते टाकलं आणि पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी दुपारीच, आम्ही तिथंच असताना, शुभीचा फोन. सरांना फोनवर कमी ऐकू येतं म्हणून फोनचा स्पीकर कायम चालू असतो, त्यामुळं आम्हालाबी सगळं ऐकू आलं.

"पप्पा, आई कुठंय?"

"हाय की. ऐकलं का तू? कसं झालंय?"

"पप्पा, खरं सांगा. दवाखान्यात आहे का ती?" पोरगी रडत होती. "चार वेळा ऐकलं मी. आई कुठंच न्हाई त्यात."

सरांच्या हातातला फोन वहिनींनी ओढून घेतला. "अगं बाई, मेले न्हाई मी. तुझ्या पप्पानं गप बसवलं होतं मला." मंग दोघीबी रडल्या, आणि त्यातच हसल्या. सर खुर्चीत बसून आपल्या पिपाणीकडं बघत होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गेलो. पिपाणी टीव्हीवर ठेवलेली. माइकची वायर ओढून ओढून सरांनी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेली होती आणि ते स्वतः उंबऱ्यावर माइक धरून बसले होते. गिरणी धडाधड चालू. आत वहिनी ओट्याला टेकून गुपचूप उभ्या.

"बोल की," सर म्हणाले.

"काय बोलू? बोल म्हणलं की सुचत न्हाई."

"काहीबी बोल. चहा निवला म्हण."

"ठिवलाच न्हाई, तर निवंल कसा?"

"क्या बात है!" मोईन सर म्हणाले, आणि त्या दिवशी सरांनी त्यांना गप केलं न्हाई.